माशीमागून झाडाकडे : जावळीतल्या सातेरीच्या चाऱ्याच्या नोंदी

गेल्या पावसाळ्यात माझ्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्यांपैकी एक उठून गेली; माश्या पेटी सोडून निघून गेल्या. झाकण काढलं तेव्हा पाच चौकटी कोरड्या होत्या. मध नाही, पराग नाही, अंडी नाहीत. बाहेर मात्र नजर पोचेल तिथवर हिरवंगार. त्या हिरव्यात माझ्या माश्या उपाशी होत्या आणि मी त्यांना साखरपाणीही दिलं नव्हतं, कारण एवढं रान असताना कशाला, असं वाटलं होतं.

म्हणून या वर्षी ठरवलं : पेटीपासून किलोमीटरभराच्या टापूत कोणत्या महिन्यात सातेरी कशावर बसते, ते स्वतः बघून लिहायचं. ती बहुतेक चारा एवढ्या अंतरातूनच आणते. जागा सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातली, मेढ्याच्या वरच्या अंगाचा डोंगरउतार. खाली भातखाचरं, मध्ये बांध आणि गवत, वर जंगल. तुमच्याकडे झाडं थोडी वेगळी असतील, पण चुका बहुतेक याच होतील.

४ ऑगस्ट २०२४

सामान : जाड पुठ्ठ्याची वही ६० रुपये, दहापट मोठं दाखवणारं भिंग ३५० रुपये, मोबाइल होताच. माहितीपत्रकांतून माश्यांच्या झाडांची यादी उतरवून काढली, ४१ नावं झाली. विचार असा होता की यादीतलं एकेक झाड शोधायचं आणि खूण करायची.

यातली ११ झाडं मला मुळात ओळखता येत नाहीत, आणि उरलेल्यांपैकी आज फुलावर आहेत ती फक्त तीन. दिवस गेला. वहीत काही नाही.

११ ऑगस्ट

यादी घरी ठेवली. बांधाबांधानं चालले आणि ज्या फुलावर माशी दिसेल ते लिहीत गेले. साडेतीन तासांत २३ वनस्पती झाल्या. घरी येताना फार समाधान होतं.

१८ ऑगस्ट

त्या २३ मधल्या १४ आज खोडल्या.

फोटो मोठे करून बघताना लक्षात आलं की बऱ्याच फुलांवर मधमाशी नव्हतीच. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची हॉवरफ्लाय होती. ती मधमाशीसारखी दिसते, पण डंख नसलेली, घरमाशीच्या गोतातली. पुस्तकात फरक दिलेला असतो की मधमाशीला चार पंख आणि हिला दोन. फुलावर बसलेल्या जिवाचे पंख मोजता येत नाहीत, त्या नादाला लागू नका. मला उपयोगी पडल्या त्या खुणा अशा : हॉवरफ्लायचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात, मिशा इतक्या आखूड की दिसतच नाहीत, आणि ती हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबते. सातेरीच्या मिशा कोपरात वाकलेल्या असतात आणि पराग गोळा करत असली तर मागच्या पायांवर गोळी दिसते.

शिवाय तीन ठिकाणी फुलोरी माशी होती आणि एका ठिकाणी पोयाची, ती चिमुकली बिनडंखाची. त्याही मधमाश्याच, पण माझ्या पेटीतल्या नव्हेत. वहीत आता ‘कोणती माशी’ असा वेगळा रकाना आखला आहे. दोन आठवडे वाया गेले. सुरुवात करणाऱ्यानं पहिला आठवडा झाडं सोडून फक्त माश्या ओळखण्यात घालवावा.

८ सप्टेंबर

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण इथून पुढचं कामच बदललं.

सकाळी पेटीच्या दारात काही माश्या पांढऱ्या पाठीनं आत शिरताना दिसल्या. पंखांच्या मुळांमध्ये, छातीवर, पिठाचं बोट ओढल्यासारखा पट्टा. मला वाटलं बुरशी किंवा एखादा रोग. घाबरून भुरभुर पावसात पेटी उघडली, हे करायला नको होतं. आतलं पिल्लू गारठलं, माश्या चिडल्या, आणि चौकटींवर रोगाचं काहीच नव्हतं.

शेजारचे तात्या उभं आयुष्य डोंगरात मध काढत आले. ते कुंपणापाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, “पोरी, पेटी कशाला उघडलीस? तेरडा फुललाय. गौरी आणायला जाशील तवा बघ.”

परवा गौरी बसणार. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात, म्हणून दुपारी ओढ्याकाठी तेरडा आणायला गेलेच. एका रोपाशी बसून राहिले. तेरड्याच्या फुलाला मागं बारीक शेपटी असते, मकरंद तिच्यात. माशी फुलाच्या तोंडातून आत घुसते, जीभ शेपटीकडे नेते आणि नेमकी त्याच वेळी फुलाच्या छताला असलेली परागाची गाठ तिच्या पाठीवर घासते. बाहेर आली की पाठ पांढरी. पाय मात्र रिकामे असू शकतात, कारण ती आली होती मकरंदाला. मी काडीचं टोक त्या छताला लावलं, टोक पांढरं झालं.

म्हणजे झाडापासून माशीकडे जाण्यापेक्षा पेटीच्या दारापासून झाडाकडे जाणं सोपं. दारात काय येतंय ते बघायचं आणि मग ते रानात शोधायचं. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “फुलाकडं काय बघतीयास, माशीकडं बघ, असं मी कवाचं सांगतोय.” खरंच सांगत होते.

१५ सप्टेंबर

नावांचा घोळ. चुलतसासूबाईंनी बांधावरचं पांढऱ्या फुलांच्या गोंड्याचं रोप दाखवून ‘कुंभा’ म्हटलं. माश्या त्याच्यावर दिवसभर. मी वहीत कुंभ्याच्या पानावर नोंद केली. ते पान जंगलातल्या कुंभा वृक्षाचं होतं, कॅरेया आर्बोरियाचं, जो उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतो. बांधावरचा कुंभा म्हणजे ल्युकस, तुळशीच्या कुळातला, त्यालाच कुणी तुंबा म्हणतं. तसंच ‘अंजन’. आमच्या डोंगरावरची निळ्याजांभळ्या फुलांची अंजनी म्हणजे मेमेसिलॉन, आणि खानदेशातला अंजन म्हणजे हार्डविकिया, मोठा पानगळी वृक्ष. दोघांचा काही संबंध नाही.

आता प्रत्येक नोंदीत गावातलं नाव, शास्त्रीय नाव आणि वाळवलेली फांदी, तिन्ही. फांदी वर्तमानपत्रात दाबते. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो. पहिल्या नऊ फांद्यांना बुरशी आली ती कागद तीन दिवस तसेच ठेवल्यामुळे.

मोबाइलच्या ॲपबद्दल : सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, पिवळ्या सोनकीचे तीन फोटो दिले, तीन वेगळी नावं आली. फक्त फुलाचा फोटो दिला की असंच होतं. फूल समोरून, फूल मागून, पान खालून, आणि पानं दांड्यावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, एवढे फोटो घेतले तर निदान कूळ बरोबर येतं. पुढचं पुस्तकावरून जुळवते.

एक पथ्य : कासच्या पठारावर आणि राखीव जंगलात काही तोडत नाही. नमुने फक्त आमच्या बांधावरचे आणि परवानगी घेतलेल्या शेतांतले.

२९ सप्टेंबर

पेटी हलवली. वरच्या वाडीजवळ कारवीनं भरलेला उतार आहे आणि कारवीच्या मधाचं नाव सगळेच काढतात. रात्री दार बंद करून जीपनं नेली, ८०० रुपये.

२० ऑक्टोबर

पेटी परत आणली, आणखी ८०० रुपये. तीन आठवड्यांत कारवीला एक कळी नाही.

कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळा उतार एकदम, आणि बी पडलं की वाळून जाते. हे मला ठाऊक होतं, तरी उतार बघितला आणि भुलले. जाण्याआधी दोन गोष्टी बघायला हव्या होत्या. एक, शेंड्याकडे कळ्यांची कणसं आहेत का. दुसरी, झुडपं किती उंच आहेत. माझ्या उतारावरची कमरेएवढीच होती, म्हणजे शेवटच्या फुलोऱ्याला फार वर्षं झालेली नाहीत. तात्या वर चढून आले आणि झुडूप हातानं वाकवून एवढंच म्हणाले, “पोर हाय अजून.”

त्या तीन आठवड्यांत खाली बांधावर कुंभा आणि सड्याच्या कडेला सोनकी ऐन भरात होती. माश्यांना मी फुलांमधून उचलून पाल्यात नेऊन ठेवलं. हे मनाला फार लागलं.

२७ ऑक्टोबर

दारातली मोजणी पक्की केली. दहा मिनिटं, बाजूला बसून (समोर बसलं की त्यांची वाट अडते). आत येणाऱ्या किती, त्यांपैकी पायांवर गोळी असलेल्या किती, गोळीचा रंग कोणता. रंगासाठी भिंतीच्या रंगाच्या दुकानातलं फुकट मिळणारं रंगपत्रक वहीत चिकटवलं आहे.

आतापर्यंत मी अकराच्या पुढं बसत होते, कामं आवरून. आज साडेसातला बसले. दहा मिनिटांत ३४ गोळ्या, अकरानंतर ६. उशिरा पेरलेल्या मक्याच्या तुऱ्यावर आठच्या सुमाराला माश्यांची झुंबड होती, साडेअकराला एकही नाही. म्हणजे ऑगस्टपासूनच्या माझ्या ‘माशी बसत नाही’ या सगळ्या नोंदी अर्धवट आहेत. त्या खोडल्या नाहीत, शेजारी वेळ लिहिली.

रंग जुळवताना आणखी एक अडचण. फुलातला पराग फिकट दिसतो आणि गोळी गडद, कारण माशी तो तोंडातल्या मधानं ओला करून दाबते. उपाय : फुलातला पराग काचेवर झटकून त्यात सुईच्या टोकाएवढा मध कालवायचा आणि मग गोळीशेजारी ठेवायचा. सोनकी अशी जुळली, गडद नारिंगी-पिवळी.

१७ नोव्हेंबर

सूक्ष्मदर्शक घेतला, शाळेतला जुना, ३,२०० रुपये. काचपट्ट्या आणि झाकणकाचा १८० रुपये. या छंदातला सगळ्यात मोठा खर्च हाच. पहिले तीन महिने याची गरज नव्हती, पण एकाच वेळी दोन पिवळी फुलं फुलली की रंग पुरत नाही.

पहिल्या २० काचा फुकट गेल्या. पराग जास्त घेतला की नुसता काळा ढीग दिसतो. परागावर तेलकट थर असतो, तो धुतला नाही तर कडा दिसत नाहीत. पाण्यात ठेवला तर कण फुगून फुटतात आणि पाणी दोन दिवसांत सुकतं. आता जमलेली रीत : काचेवर चिमूटभरापेक्षाही कमी पराग, त्यावर स्पिरिटचा थेंब, कडेनं टिपकागदानं टिपायचा, पुन्हा एक थेंब, सुकू द्यायचा. मग सॅफ्रॅनिन या रंगानं गुलाबी केलेल्या ग्लिसरीन-जिलेटिनचा तुकडा ठेवून काच मेणबत्तीवर किंचित गरम करायची आणि झाकणकाच तिरपी टेकवत सोडायची, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत.

जे दिसलं ते सांगायलाच हवं. तेरड्याचा कण लांबट चौकोनी, विटेसारखा. सोनकीचा गोल आणि अंगभर काटे. मक्याचा मोठा, गुळगुळीत, एका छिद्राचा. बाभळीचे कण सुटे नसतातच, अनेक कण चिकटून एक गोटी बनते. मी रात्री दीडपर्यंत बसले होते.

आठवडाभर एक चूक चालली : तेरड्याच्या काचेत काटेरी कण दिसत होते. मी एकच सुई वापरत होते. आता प्रत्येक फुलाला नवा टूथपिक.

माशीच्या पायावरची गोळी मिळवायला परागसापळा लावत नाही, माझी वसाहत लहान आहे. एखादी माशी बारीक बाटलीत घेतली की धडपडीत गोळी सांडते, माशी सोडून द्यायची. आठवड्याला चार-पाच गोळ्या, जास्त नाही.

१५ डिसेंबर

हरभरा यादीत होता, पण माझ्या चार फेऱ्यांत त्यावर सातेरी दिसली नाही. कारणही कळलं : हरभऱ्याचं फूल उमलण्याआधी आतल्या आतच फळून जातं, त्याला माशीची गरज नसते. शेजारच्या वाफ्यात मात्र काढायची राहून फुलावर गेलेली कोथिंबीर होती. दोन हातांच्या त्या वाफ्यावर एका वेळी १९ माश्या मोजल्या. घरच्यांनी तो वाफा उपटून कांदा लावायचं ठरवलं होतं. बी धरेपर्यंत ठेवायला सगळे तयार झाले.

पावटा आणि घेवडा : माश्या येतात, पण फूल उघडायला जड, मोठे भुंगेच जास्त.

२ फेब्रुवारी २०२५

सावर, पांगारा, पळस. लालभडक फुलं दुरून दिसतात, त्यामुळे नवखा माणूस हीच आधी लिहितो. मी पळसाखाली दोन तास बसले : साळुंक्या, शिंजीर, बुलबुल, आणि सातेरी सातच. सावरीवर सकाळी बऱ्या संख्येनं होत्या. नुसतं ‘माशी बसते’ असं लिहिण्याला अर्थ नाही, हे आता पटलं. आकडा लिहायचा.

६ एप्रिल

जांभूळ फुललं. झाड दिसायच्या आधी ऐकू येतं, खालून जाताना डोक्यावर एकसारखा घुमारा. फांद्या उंच, फुलं हाती येत नाहीत, म्हणून झाडाखाली पांढरं फडकं अंथरलं. तासाभरात त्यावर केसांसारखे पांढरे पुंकेसर आणि बारीक टोप्या पडल्या. फूल नसताना जांभूळ ओळखायची खूण : पानं समोरासमोर, आणि पानाच्या कडेला लागून धावणारी शीर उन्हाकडे धरलं की स्पष्ट दिसते. चुरडलं की वास येतोच.

पेटी लटकत्या काट्याला (४५० रुपये) अडकवून दर संध्याकाळी वजन घेते. बारा दिवसांत २.३ किलो वाढलं. वर्षातली ही पहिली खरी कमाई. याच दिवसांत हिरडाही फुलला, त्याचा उग्र वास सगळ्या पायवाटेवर. दोन्हींच्या गोळ्या रंगानं जवळपास सारख्या, मला वेगळ्या करता येईनात. काचेखाली प्रश्न सुटला : जांभळाचा कण अगदी लहान आणि तिकोनी, हिरड्याचा गोलसर आणि सहा खाचांचा. त्या दोन आठवड्यांतल्या दहा गोळ्यांपैकी सात जांभळाच्या निघाल्या. सूक्ष्मदर्शकाचे पैसे इथं वसूल झाले.

२२ जून

वर्षाचं पान भरत आलं. भिंतीवर बारा उभे रकाने आखून प्रत्येक वनस्पतीची पट्टी रंगवली : पराग पिवळा, मकरंद निळा. एप्रिल-मे गच्च. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर बरा. आणि जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भिंत जवळजवळ पांढरी. माझी आधीची पेटी उठून गेली ती याच पांढऱ्या पट्ट्यात.

आजपासून साखरपाणी, वजनानं निम्मी साखर निम्मं पाणी, संध्याकाळी, दार अरुंद करून, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. पण साखरेतून पराग मिळत नाही, आणि परागावाचून पिल्लं वाढत नाहीत. म्हणून या दोन महिन्यांत फुलणारं जे काही असेल त्याला जपायचं आहे.

६ जुलै

खालच्या बांधावर तणनाशक मारलं गेलं. बांध आमचा नाही, मारणाऱ्यानं भाताला तणाचा त्रास नको म्हणून मारलं, त्याच्या बाजूनं कारण खरं आहे. पण एकदांडी, केना, कुर्डू, कुंभ्याची कोवळी रोपं, सगळं चार दिवसांत पिवळं पडलं. त्या बांधाच्या माझ्या वहीत ३१ नोंदी आहेत. वही घेऊन त्यांच्या घरी गेले. भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो दाखवला, त्यांच्या कारल्याच्या मांडवावर माझ्याच माश्या येतात तेही दाखवलं. तासभर बोलणं झालं. पुढच्या वर्षी पाण्याच्या पाटाकडची बाजू विळ्यानं कापायची आणि तीही फुलं झडल्यावर, एवढं ठरलं.

२७ जुलै

सकाळी साडेसहाला उघडीप मिळाली. दारात दहा मिनिटांत ११ गोळ्या, नऊ एकाच रंगाच्या, फिकट आणि अगदी बारीक दळाच्या. असा पराग वहीत नव्हता. काचेखाली ठेवला तर आधी वाटलं काच रिकामीच आहे. सगळ्यात मोठं भिंग लावल्यावर दिसलं : चार-चार कणांचे चिमुकले पुंजके, मक्याचा कण याच्या दसपट भरेल.

लाजाळू. डांबरी रस्त्याच्या कडेला, शाळेच्या वळणावर, गुलाबी गोंडे. पावणेसातला तिथं २६ सातेरी होत्या, पाय लावून भराभर गोंड्याभोवती फिरणाऱ्या. साडेनऊला परत गेले तर दोनच. मी रोज दहाला त्या रस्त्यानं जाते, म्हणून वर्षभरात ती एकदाही नोंदली गेली नाही.

रस्त्याकडेचं गवत १ ऑगस्टला कापणार आहेत. ग्रामपंचायतीत सांगून आले की वळणाचा तेवढा पन्नास पावलांचा तुकडा महिनाभर राहू द्या. उद्या सकाळी तिथं खुणेच्या काठ्या रोवायच्या आहेत, चार काठ्या आणि लाल फडकी काढून ठेवली आहेत.